टेनिसच्या कोर्टवर चौथा भिडू होताना



साठी उलटलेल्या माणसाने व्यायामाबद्दल विचारले, की आम्ही डॉक्टर बहुधा एका शब्दात उत्तर देतो : चाला. सल्ला उत्तमच आहे. चालण्याला पैसे पडत नाहीत, साधन लागत नाही आणि वयाची अट नाही. पण त्यात एक उणीव आहे, ती मला दवाखान्यात दरवर्षी दिसते. एकट्याने चालणारा मनुष्य जूनमध्ये पाऊस लागला की थांबतो आणि पुष्कळदा दिवाळीपर्यंत थांबलेलाच राहतो. त्याच्या न येण्याने कोणाचे काही अडत नाही. रस्ता काही त्याची चौकशी करायला घरी येत नाही.

टेनिसच्या दुहेरीचे तसे नाही. तेथे चार माणसे लागतात. चौथा भिडू आला नाही, तर उरलेल्या तिघांची सकाळ फुकट जाते; म्हणून सहा वाजून दहा मिनिटांनी त्याला फोन जातो. "काय हो, बरे आहात ना?" या प्रश्नाचे मोल पत्नी गेलेल्या आणि मुले परदेशी असलेल्या गृहस्थाला विचारावे. व्यायाम, मैत्री आणि कोणीतरी आपली वाट पाहत असल्याची जाणीव, या तिन्ही गोष्टी एका जागी देणारे खेळ थोडे आहेत. मात्र हा फोन प्रत्येकाला येत नाही. ज्याच्याबरोबर खेळणे सुखाचे असते, त्यालाच तो येतो. उतारवयात टेनिस क्लबात पाऊल टाकणाऱ्याने फटक्यांआधी कोर्टवरची रीत शिकावी असे मी म्हणतो, ते याचसाठी. शिवाय त्या रीतीतले निम्मे नियम हाडे मोडू नयेत म्हणूनच उपयोगी पडतात, हे पुढे दिसेल.

खेळाच्या गुणाविषयी एक पुरावा सांगतो. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात हृदयविकारासंबंधी एक दीर्घकालीन अभ्यास झाला आहे. त्यातील सुमारे साडेआठ हजार लोकांच्या पंचवीस वर्षांपर्यंतच्या नोंदींवर आधारलेला निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठे आयुष्य घालवणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान ९.७ वर्षांनी अधिक आढळले. बॅडमिंटनचा आकडा ६.२ होता, सायकलचा ३.७, पोहण्याचा ३.४, हळू धावण्याचा ३.२ आणि व्यायामशाळेतल्या व्यायामाचा अवघा १.५. हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. हा निरीक्षणावर बेतलेला अभ्यास आहे. टेनिस खेळणारी माणसे मुळातच सुस्थितीतली आणि निरोगी असण्याचा संभव असतो. संशोधक असे भेद गणितात धरण्याचा प्रयत्न करतात, पण ते पूर्णपणे पुसले जात नाहीत. तरीही एक गोष्ट लक्ष वेधून घेते. ज्या खेळांना दुसऱ्या माणसाची सोबत लागते, ते एकट्याने करायच्या व्यायामांच्या पुढे आहेत. संशोधकांनीही या सोबतीकडे बोट दाखवले आहे. मला स्वतःला यात नवल वाटत नाही.

"आता या वयात सुरुवात करून काय होणार?" असे आपण म्हणाल. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या प्रौढांच्या स्पर्धांत पाच-पाच वर्षांच्या अंतराने वयोगट आहेत आणि ते नव्वदीपर्यंत जातात. युक्रेनमधील खार्किव्हचे लिओनिद स्तानिस्लावस्की २०२१ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी स्पेनच्या मायोर्का बेटावर अशा जागतिक स्पर्धेत उतरले होते. आपल्या रोहन बोपण्णाने ४३ व्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली. पण ही माणसे वर्षानुवर्षे खेळत आलेली. पासष्टीला प्रथमच रॅकेट धरणाऱ्याने त्यांच्याकडे कौतुकाने पाहावे, तुलना करू नये. आपले ध्येय साधे असावे : आठवड्यातून तीन सकाळी, पाऊण तास, दुहेरी, आणि घरी परतताना गुडघा शाबूत. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते आणि तोल सुधारणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करण्यास सांगते. अशा तीन सकाळी आणि मधल्या दिवसांचे थोडे चालणे मिळून ही मिनिटे सहज भरतात.

क्लब निवडताना

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत जिमखान्यांची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. अशा जुन्या संस्थांत सभासदत्व मिळवायचे, तर सूचक, अनुमोदक, प्रवेश शुल्क आणि भलीमोठी प्रतीक्षायादी आली. ज्यांचे सभासदत्व वडिलोपार्जित आहे त्यांनी त्याचा उपयोग करावा. इतरांनी नावाच्या मोहात पडू नये. सोसायटीचे कोर्ट, नगरपालिकेचे क्रीडासंकुल, तासाच्या भाड्याने मिळणारे खासगी कोर्ट, यांपैकी जे घरापासून पंधरा मिनिटांच्या आत असेल ते उत्तम. तासाभराच्या प्रवासाचा क्लब दोन महिन्यांत सुटतो.

जाऊन पाहावे. मातीचे कोर्ट गुडघ्यांना सौम्य असते. सिमेंटचे किंवा त्यावर रंगीत थर दिलेले कोर्ट पायांना अधिक दणका देते, पण त्यावर चेंडूची उसळी विश्वासू असते. मातीवर सकाळी पाणी मारलेले असेल आणि ते मुरले नसेल, तर ती जागा घसरडी असते. पिण्याचे पाणी, बसायला सावलीतला बाक आणि जवळ स्वच्छतागृह आहे का, ते पाहावे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वाचकांना याचे महत्त्व सांगायला नको. रुग्णवाहिका फाटकातून आत येऊ शकेल का, आणि फाटकाची किल्ली पहाटे कोणाकडे असते, हेही विचारून ठेवावे.

मग दोन-तीन सकाळी नुसते बाकावर बसून पाहावे. प्रत्येक क्लबात ज्येष्ठांची एक वेळ असते आणि तिचे अलिखित संकेत असतात : कोण आधी खेळतो, किती गेम झाल्यावर कोर्ट सोडायचे, चेंडूंचा डबा कोणाच्या पाळीचा, चहा कोठे. हे संकेत कोणी सांगत नाही, पाहून कळतात. क्लबातला मार्कर, म्हणजे सभासदांबरोबर खेळून सराव देणारा नोकरदार खेळाडू, ही सर्वांत जाणकार व्यक्ती. त्याच्याकडून आठ-दहा दिवस शिकून घ्यावे आणि त्याला नावाने, आदराने हाक मारावी. "ए मार्कर" अशी हाक मारणाऱ्या नव्या सभासदाची कीर्ती पहिल्याच दिवशी सर्वदूर जाते.

चाललेल्या खेळात डोकावून "मला कधी घेणार?" असे विचारू नये. खेळ संपल्यावर आपले नाव सांगावे आणि म्हणावे, "नवीन आहे. कधी चौथा कमी पडला, तर मी येऊ शकेन." याहून अधिक काही लागत नाही. आपला दर्जा खरा सांगावा. कॉलेजात खेळलेल्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा बॅकहॅण्ड अजून तसाच आहे असे वाटत असते. तो तसा नसतो. अगदी नवखे असाल तर हिरव्या ठिपक्याचा चेंडू वापरावा. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे पाव भागाने मंद असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. मुलांना शिकवण्यासाठी तो काढला असला, तरी त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि एक. निवृत्त माणसाला आपले पद फाटकाबाहेर ठेवणे जड जाते. कोर्टवर माजी अधीक्षक अभियंता नसतो, मुख्याध्यापिका नसतात आणि डॉक्टरही नसतो. पस्तीस वर्षे लोकांनी आपले ऐकले, याचा अर्थ ते आता आपली लॉबही ऐकतील असा नव्हे.

शरीराची पूर्वतयारी

हा भाग आपण अनेकदा वाचला असेल, म्हणून थोडक्यात आटोपतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी, तसेच अनेक वर्षे बैठे जीवन काढलेल्यांनी, आपल्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय सुरुवात करू नये. कोणत्या तपासण्या हव्यात ते तेच ठरवतील. अर्धा तास भरभर चालता येते आणि दोन जिने चढून बोलता येते, इतकी तयारी आधी व्हावी. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद तोल सावरता येतो का, तेही पाहावे. येत नसेल तर आधी तोलाचे व्यायाम, मग टेनिस.

बूट कोर्टचेच घ्यावेत. चालण्या-धावण्याचे बूट पुढे जाण्यासाठी घडवलेले असतात. टेनिसमध्ये पाय बाजूला पडतो आणि उंच, मऊ टाचेच्या बुटात घोटा मुरगळतो. दूरचे आणि जवळचे अशा दोन्ही नंबरांचा एकच चष्मा असेल, तर खाली पायाशी येणारा चेंडू भिंगाच्या वाचनाच्या भागातून पाहिला जातो आणि अंदाज चुकतो. खेळासाठी केवळ दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी होकार दिल्यावरच कोर्टवर जावे.

इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खेळण्यापूर्वी साखर मोजावी. ती १०० च्या खाली असेल तर आधी काही खावे. २५० च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल तर त्या दिवशी बाकावर बसावे. खिशात तीन-चार चमचे साखरेची पुडी असू द्यावी, बॅगेत नव्हे. बॅग नेमकी कोर्टच्या दुसऱ्या टोकाला असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही, त्यामुळे मनगटी घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नये. खेळताना एक पूर्ण वाक्य बोलता येते, तोवर वेग ठीक आहे.

चेंडू, रेषा आणि गुण

आता मुख्य विषय. टेनिसचे सौजन्य म्हणजे पांढरा पोशाख आणि इंग्रजी आभार नव्हेत. त्यातली प्रत्येक रीत कशासाठी आहे ते समजून घेतले, की ती पाळणे सोपे जाते.

कोर्टवर पडलेला मोकळा चेंडू हा ज्येष्ठ खेळाडूचा सर्वांत मोठा शत्रू आहे. मागे सरकताना त्यावर टाच पडली, की मनगट किंवा खुबा मोडायला एक क्षण पुरतो. म्हणून प्रत्येक गुणाआधी चेंडू उचलून कडेला किंवा जाळीजवळ ठेवावेत, मग भले दहा सेकंद जावोत. शेजारच्या कोर्टवरून चेंडू आत आला, तर ज्याला तो प्रथम दिसेल त्याने मोठ्याने "लेट" म्हणावे आणि सर्वांनी तत्काळ थांबावे. तो गुण पुन्हा खेळला जातो. आपण नेमके जिंकण्याच्या बेतात होतो, हा विचार मनात येऊ देऊ नये. आपला चेंडू शेजारी गेला, तर त्यांचा गुण संपेपर्यंत थांबून मगच मागावा. त्यांचा आपल्याकडे आला, तर तो त्यांच्या सर्व्हिस करणाऱ्याच्या हाती पोहोचेल असा हलकेच द्यावा. जोरात मारू नये आणि पाहत नसलेल्या माणसाकडे तर मुळीच टाकू नये. खेळ चालू असताना कोणाच्या कोर्टमागून चालत जाऊ नये. या सर्वांत औपचारिकता किती आणि अस्थिशल्यचिकित्सा किती, ते आपणच ठरवावे.

सर्व्हिस करण्यापूर्वी समोरचा तयार आहे का, ते पाहावे. वृद्ध माणसाला जागेवर परतायला, चष्मा पुसायला, श्वास जुळवायला वेळ लागतो. स्पर्धेच्या नियमांत दोन गुणांमध्ये २५ सेकंद आणि बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. आपल्या मैत्रीच्या खेळात त्याहून जास्त लागले तर आभाळ कोसळत नाही. पहिली सर्व्हिस बाहेर पडली असेल तर तो चेंडू उगाच परत मारू नये. सर्व्हिस करणाऱ्याचे लक्ष विचलित होते आणि चेंडू त्याच्या पायाशी घोळत राहतो.

प्रत्येक गुणापूर्वी सर्व्हिस करणाऱ्याने गुणसंख्या मोठ्याने सांगावी, आपली आधी. "तीस-पंधरा." ही रीत सर्वच खेळाडूंसाठी आहे, पण आपल्या वयात तिला दुहेरी मोल येते. चौघांपैकी एकाला ऐकू कमी येते आणि दुसऱ्याला आकडा लक्षात राहत नाही. मोठ्याने, समोर तोंड करून सांगितलेला आकडा दोघांचीही लाज राखतो. मतभेद झालाच तर दोघांनाही मान्य असलेल्या शेवटच्या गुणसंख्येपासून पुढे खेळावे. काही गटांत ड्यूसनंतर एकाच गुणात गेम निकाली काढतात. बाकावर लोक थांबलेले असतील तेव्हा ही पद्धत सोयीची, आणि थकलेल्या पायांसाठी तर नेहमीच.

रेषेवरचा वाद हा क्लबातल्या बहुतेक अबोल्यांचे मूळ असतो. पंच नसलेल्या खेळात प्रत्येक जोडी आपापल्या बाजूच्या रेषांचा निर्णय देते. रेषेला नुसता स्पर्श केलेला चेंडू आत असतो. शंका असेल तर तो आत. जोडीदार एकमेकांशी असहमत असतील तरी तो आत. प्रतिस्पर्ध्याला शंकेचा फायदा देण्याची ही प्रथा जगभर पाळतात. साठीनंतर हिच्यामागे वैद्यकीय कारणही आहे असे मी मानतो. जाळी ओलांडून येणारा वेगवान चेंडू, सकाळचे तिरपे ऊन, भिंगाची कड आणि धावता धावता हलणारे डोके यांतून पाहिलेला तो एक क्षण. "मी स्वच्छ पाहिले" असे छातीठोकपणे म्हणावे असे त्यात काही नसते. बाहेर वाटला तर लगेच, एकदाच, हात दाखवून "आउट" म्हणावे. दोन सेकंदांनी, गुण हातचा गेल्यावर, आठवल्यासारखे म्हणू नये. आपल्या बाजूला चेंडू दोनदा टप्पा पडला किंवा आपली रॅकेट जाळीला लागली, तर ते आपणच सांगावे. समोरच्याने आत पडलेला चेंडू बाहेर दिला, तर एकदा विचारावे, "नक्की ना?", आणि विषय तेथेच सोडावा. महिनाभरात असे पाच-सहा गुण जातात. त्यांच्या बदल्यात रक्तदाब जागेवर राहतो.

लॉब म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच चेंडू. दुहेरीच्या ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद कोर्टवर हा ज्येष्ठांचा आवडता फटका, आणि पाहण्यातल्या पडण्यांचे सर्वांत मोठे निमित्त. वर पाहत पाहत पाठीमागे धावू नये. आधी वळावे, मग जावे; नाहीतर जोडीदाराला "तुमचा" म्हणून हाक द्यावी आणि चेंडू जाऊ द्यावा. "माझा" आणि "तुमचा" हे दोन शब्द वेळेवर उच्चारले जात नाहीत, तेव्हा दोन कपाळे एकत्र येतात. ज्याचा गुडघा दुखतो हे चौघांनाही ठाऊक आहे, त्याच्या डोक्यावरून मुद्दाम लॉब टाकत राहणे नियमात बसते, रीतीत बसत नाही. जाळीजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर चेंडू मारणेही तसेच. चुकून लागला तर हात वर करून क्षमा मागावी.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. नवख्या खेळाडूकडे, आणि विशेषतः पंचावन्नाव्या वर्षी रॅकेट धरलेल्या एखाद्या मावशींकडे, दया दाखवल्यासारखे चेंडू टाकत राहणे त्यांना अपमानास्पद वाटते. "तुम्हांला वेगाने चालेल का?" असे विचारून घ्यावे. बऱ्याचदा उत्तर होकारार्थी येते आणि पुढचा परतीचा फटका आपल्यालाच परतवता येत नाही.

न मागितलेला सल्ला ही निवृत्तांची व्याधी आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांची हकीकत, ओळख पटू नये इतपत बदलून, सांगतो. वय सहासष्ट, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. तरुणपणी चांगले खेळलेले. क्लबात आले तेव्हा लोकांनी हौसेने घेतले, पण तीन आठवड्यांत त्यांना बोलावणे बंद झाले. ते माझ्याकडे झोप येत नाही म्हणून आले होते. टेनिसचा विषय सहज निघाला. "लोक हेवा करतात," असे त्यांचे निदान होते. खरे निदान क्लबाच्या मार्करने केले, आणि तेही फार सौम्य शब्दांत : "साहेब, तुमचा खेळ छान आहे, पण तुमच्यासंगे लोक दमतात." जोडीदाराच्या प्रत्येक चुकीनंतर ते मनगट कसे वळवायचे ते दाखवत असत आणि रेषेचा निर्णय दोन्ही बाजूंचा स्वतःच देत असत. गृहस्थ मानी होते, पण शहाणेही होते. गुणसंख्या आणि "वेल प्लेड" याखेरीज कोर्टवर काही बोलायचे नाही, असा नेम त्यांनी महिनाभर केला. पुढे बोलावणे हळूहळू पुन्हा सुरू झाले. सर्वांकडून नव्हे, पण एका चौकडीत त्यांची जागा झाली. झोपेची गोळी सुटली. मधुमेह मात्र जेथल्या तेथे आहे, कारण खेळानंतर ही चौकडी मिसळ खाते.

येणार नसाल तर आदल्या रात्री कळवावे. चेंडूंच्या डब्याचे पैसे मागितल्यावर देण्यापेक्षा आपल्या पाळीला डबा घेऊन यावे. वेळेवर यावे, म्हणजे पाच मिनिटे आधी. हात, खांदे, पोटऱ्या मोकळ्या करायला तेवढा वेळ लागतोच, आणि थंड स्नायूंनी पहिली सर्व्हिस जोरात मारणाऱ्याचा खांदा मग दोन महिने आमच्या हवाली होतो.

घरच्यांसाठी

मुले, सुना, जावई आणि सांभाळ करणारे इतर यांच्याशी थोडे बोलायचे आहे. "बाबा, या वयात पडलात म्हणजे?" या काळजीत प्रेम आहे, हे खरे. पण खुर्चीत बसून राहिलेला माणूसही पडतो, आणि तो न्हाणीघरात पडतो. मनाई करण्याऐवजी पहिल्या दिवशी बरोबर जावे, सचिवांना आणि मार्करला भेटावे, आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक कार्ड ठेवावे : नाव, आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, घरचा क्रमांक. त्यानंतर मात्र कोर्टबाहेर उभे राहून "आई, पळू नको" असे ओरडू नये. आईला तेथे आई म्हणून नव्हे, जोडीदार म्हणून ओळखतात, आणि तिला ते हवे असते.

क्लबातल्या मंडळींचे म्हणणे लक्ष देऊन ऐकावे, कारण काही बदल घराआधी तेथे दिसतात. घरात दिनक्रम ठरलेला असतो, त्यामुळे विसर झाकला जातो. कोर्टवर मात्र कोणत्या बाजूने सर्व्हिस करायची, आपली पाळी आहे का, चालू गुण कोणता, हे दर मिनिटाला नव्याने ध्यानात ठेवावे लागते. वर्षानुवर्षे चोख खेळणारा माणूस अचानक त्यात वारंवार गोंधळू लागला, नेहमीचा रस्ता चुकून उशिरा येऊ लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर सोबत्यांनी त्याची थट्टा करू नये. कुटुंबीयांना एकांतात सांगावे. कारण दर वेळी स्मृतिभ्रंशच असते असे नाही. ऐकू न येणे, थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य किंवा एखादे नवे औषधही असू शकते, आणि यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहेत. स्मृतिभ्रंशाचे निदान झाले तरी खेळ लगेच थांबवण्याचे कारण नसते. गुण न मोजता मार्करबरोबर नुसते चेंडू परतवणे दीर्घकाळ जमते. हाताला सवय उरलेली असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस पडला आणि डोक्याला मार बसला, तर "काही नाही, बरा आहे" असे तो म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावे. आत होणारा रक्तस्राव काही तासांनीही कळून येऊ शकतो.

शेवटी एका घातक सौजन्याबद्दल. छातीत दडपण येते, जबडा किंवा डावा हात भरून येतो, दरदरून घाम फुटतो, नेहमीपेक्षा लवकर दम लागतो. मधुमेही माणसांत आणि स्त्रियांत तर कधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप लागते किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटते, आणि आपण त्याला "गॅस" म्हणतो. अशा वेळी माणूस भिडेखातर खेळत राहतो. चार-तीन झाले आहेत, एकच गेम उरला आहे, तिघांचा विरस कशाला करा, असे त्याला वाटते. आपल्या गटात पहिल्याच दिवशी ठरवून ठेवावे, की कोणीही "मी थांबतो" म्हणाला, तर कारण न विचारता खेळ थांबेल आणि त्याला कोणी काही बोलणार नाही. त्याला लगेच बसवावे, चालवत नेऊ नये. एकाने १०८ ला फोन करावा, एकाने फाटक उघडून रस्त्यावर उभे राहावे, एकाने बॅगेतले कार्ड काढून जवळ थांबावे. तो कोसळला, हाक मारून उत्तर देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने आणि वेगाने दाब द्यावा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. हे कसे करायचे ते क्लबाने जवळच्या डॉक्टरांना बोलावून एकदा सर्वांना शिकवून घ्यावे. तासाभराचे काम आहे. आणि त्रास पाच मिनिटांत थांबला, "आता बरे वाटते, जातो मी" असे तो म्हणू लागला, तरी त्याला एकट्याला स्कूटरवरून घरी जाऊ देऊ नये. त्याच सकाळी त्याचा हृदयालेख काढून घ्यावा, आणि तिघांपैकी एकाने तो होईपर्यंत त्याच्याजवळ बसावे.